मालकाचा रकाना

9 ऑगस्ट 2023, बुधवार. 'हान्स' वादळाचा पाऊस सोमवारपासून दक्षिण नॉर्वेला झोडपत होता. मी लिलेस्त्रोममधल्या आमच्या छोट्या सल्लागार कंपनीत ग्लोमा खोऱ्यातल्या जलविद्युत केंद्रांचा तक्ता घेऊन बसले होते. केंद्राचं नाव, नदी, पाणी किती उंचीवरून पडतं, क्षमता किती आणि शेवटचा रकाना मालकाचा. सगळ्यात चिवट तोच.

ग्लोमा ही नॉर्वेतली सर्वांत लांब नदी, सुमारे 600 किलोमीटर. लोगेन नदी म्योसा सरोवरात शिरते, वोर्मा होऊन बाहेर पडते आणि ग्लोमाला मिळते. देशाचा जवळजवळ आठवा हिस्सा या एका खोऱ्यात येतो. पाणी एकच, पण ते दर थोड्या अंतरावर वेगळ्या मालकाच्या टर्बाइनमधून जातं. सूलबर्गफोस हे वीजकेंद्र ओस्लो शहर आणि सरकारने मिळून बांधलं, 1924 मध्ये सुरू झालं. त्यात आजही दोन वाटे ओस्लोच्या कंपनीचे आणि एक सरकारी वीजकंपनी स्टाटक्राफ्टचा. खाली सार्प्सफोसेनला धबधबा एक आणि दोन काठांवर दोन वेगळ्या कंपन्यांची वीजघरं उभी राहिली. एवढे मालक आपापल्या मर्जीने पाणी अडवू-सोडू लागले तर कुणाचंच भलं नाही, म्हणून 1918 पासून वीजकेंद्रांच्या मालकांचा एक संघ वरच्या सरोवरांतल्या पाण्याचं नियोजन करतो. खर्चही तेच वाटून घेतात.

या देशातल्या जलविद्युत क्षमतेपैकी सुमारे 90 टक्के सरकार, जिल्हे आणि नगरपालिका यांच्या हातात आहे. 1917 च्या कायद्याने खासगी कंपन्यांना धबधबे ठरावीक वर्षांसाठीच दिले. मुदत संपली की केंद्र फुकट सरकारजमा. हा कायदा मला मनापासून आवडतो.

त्या सकाळी टीव्हीवर ग्लोमावरचं, वोलरजवळचं ब्रास्केरायफोस वीजकेंद्र दिसायला लागलं. धरणाचे दरवाजे उघडायला हवे होते, ते उघडले नव्हते. पाणी धरणावरून वाहत होतं, वीजघरात शिरलं होतं. खालच्या गावांतली माणसं घरं सोडून निघाली होती. ऑफिसात कुणी बोलत नव्हतं.

तेवढ्यात माझी वरिष्ठ सहकारी टेबलाशी आली. आमच्या एका ग्राहकाला नदीच्या खालच्या भागातल्या प्रत्येक धरणावर जबाबदार कोण, याची यादी तासाभरात हवी होती.

"तुझ्या तक्त्यातून काढून देशील? मालक बरोबर आहेत ना?"

"आहेत," मी म्हटलं. आणि पहिल्याच फोनला चुकले. मी एका केंद्रासमोर जी कंपनी लिहिली होती, ती काही वर्षांपूर्वीच दुसरीत विलीन झाली होती. नंबर बंद. नाव मी जुन्या कागदावरून जसंच्या तसं उचललं होतं. तोवर तो रकाना मला कागदोपत्री माहिती वाटत होता. दरवाजा उघडायचा निर्णय घेणारा माणूस त्याच रकान्यामागे उभा असतो, हे तेव्हा कळलं. हात थंड पडले होते.

"आधी चूक मला सांगितलीस, बरं केलंस," ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून शेजारी बसली. केंद्रं आम्ही वाटून घेतली. कोणाकडे किती हिस्सा यापेक्षा रात्री दोन वाजता फोन कोण उचलतं, हे आम्ही विचारत गेलो. हिस्सा एकाचा, रोजचं काम दुसऱ्याकडे, असं दोनदा निघालं. तासाभराचे दोन तास झाले, पण यादी खरी गेली.

ब्रास्केरायफोसचं धरण सुरुंग लावून मोकळं करायचा विचार आधी झाला, मग सोडून दिला. दुपारी पाण्यानेच पश्चिमेकडचा भाग फोडला. साठा फार मोठा नसल्याने खाली प्रचंड लाट गेली नाही. ते पडद्यावर बघताना माझ्या सहकारीने माझा दंड घट्ट धरला होता. तिचं माहेर तिकडचं.

घरी जायच्या आधी मी तक्त्यात आणखी एक रकाना वाढवला: ही नोंद कोणत्या तारखेला, कोणाला फोन करून तपासली. पहिल्या नऊ ओळींत तारीख एकच आहे, 9 ऑगस्ट 2023.