ऊस कुणाचा?

पहाटे साडेतीनला गुऱ्हाळावर पोचलो तेव्हा पहिलं आधण, म्हणजे कढईभर रसाची पहिली खेप, चढलं होतं. जानेवारीची थंडी, अंगणभर वाळत घातलेलं रस काढलेल्या उसाचं चिपाड आणि चुलवणाच्या, म्हणजे मोठ्या भट्टीच्या, तोंडाशी जाळ घालत उघड्या अंगाने बसलेला चुलव्या. माझ्याबरोबर तिसऱ्या वर्षाचे चार विद्यार्थी, तापमान मोजायचे दोन थर्मोकपल, एक वजनकाटा आणि विभागप्रमुखांच्या सहीशिक्क्याचं दोन पानी संमतिपत्र.

मी कोल्हापुरातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मेकॅनिकल शिकवते. कॉलेजांना खेड्यांशी जोडणाऱ्या केंद्राच्या उन्नत भारत अभियानाखाली आम्ही पाच गावं 'दत्तक' घेतलेली आहेत. (दत्तक जाणाऱ्याला विचारायची पद्धत नसते, हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं.) करवीर तालुक्यातलं हे गाव त्यांतलं एक. इथल्या गुऱ्हाळांची अडचण जुनीच आहे. चुलवण नीट नसलं की स्वतःचं चिपाड पुरत नाही, मग बाहेरून जळण विकत घ्यायचं. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण जाळाचा हिशेब काही सुधारला नाही.

आमची युक्ती साधी होती. गरम धूर काहिलीला (रस उकळायच्या मोठ्या कढईला) नीट न भिडताच धुराड्यातून निघून जातो, म्हणून काहिलीच्या पोटाखाली फायरब्रिकची आडवी बुटकी भिंत बांधायची आणि धुराड्यात एक लोखंडी झडप बसवायची. अमावास्येला गुऱ्हाळ बंद होतं, त्या दिवशी हे काम उरकलं. गूळ उतरवणारे गुळव्या मामा कडेला उभे राहून बघत होते. तीस-पस्तीस हंगाम काढलेला माणूस. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "मॅडम, जाळ तोडला की काहील थांबंल न्हवं?"

मी म्हणाले, "मामा, उलट चिपाड कमी लागेल."

मामा "हं" म्हणाले आणि तंबाखू मळायला लागले. त्यांनी विचारलेलं एक आणि मी उत्तर दिलेलं दुसरंच. एरवी परीक्षेत असं उत्तर लिहिणाऱ्या पोराला मी शून्य देते.

पहिलं आधण उत्तम उतरलं. दुसऱ्याला चिपाडाचे भारे चक्क कमी लागले. पोरं काट्याजवळ नाचायला लागली, एकाने तर प्रोजेक्टचं शीर्षकसुद्धा ठरवून टाकलं. नऊच्या सुमाराला तिसरं आधण चढलं. हजारेक लिटर रस, म्हणजे गूळ साधारण दोनशे किलो. रस साफ करायला भेंडीचं पाणी पडलं, मळी वर आली, ती काढून झाली, रसाचा रंग खुलला. शिजलेला पाक ओतायच्या वाफ्याजवळ पन्नाशीची एक बाई शाल गुंडाळून बसली होती. चिपाड वाळवायला आलेली असेल असं समजून मी तिला म्हणाले, "मावशी, जरा पलीकडे बसा, वायर आहे." ती काही न बोलता सरकली.

काकवी हवी असेल तर १०५-१०६ अंशांना थांबायचं, गूळ हवा असेल तर ११८ च्या आसपास, हे आमच्या वहीत लिहिलेलं. मामांच्या वहीत आकडे नाहीत. ते बादलीतल्या पाण्यात हात बुडवतात, काहिलीतला पाक चिमटीने उचलतात, परत पाण्यात धरतात आणि गोळी वळते का बघतात. आमच्या डिस्प्लेवर ११६ झाले आणि मामा ओरडले, "जाळ तोड!"

चुलव्याने हात थांबवला. एरवी अशा वेळी काहिलीचे बुडबुडे मंदावतात, फुसफुस करत बसतात. या वेळी ते उसळतच राहिले. ११८. ११९. दोन आधणांत लालबुंद झालेल्या आमच्या विटा खालून एकसारखी धग देत होत्या. जाळ तुटला होता, विटा नव्हत्या तुटल्या. "वडा, वडा, साखळी वडा!" चार माणसांनी काहील कप्पीवर उचलली, तोवर १२१. वाफ्यात ओतल्यावर आधी वास आला, रंग नंतर दिसला. करपलेल्या साखरेचा वास. सोनेरी गूळ व्हायचा तो काळपट तपकिरी होऊन पसरला.

कुणी काही बोललं नाही. घाण्याचं इंजिन तेवढं घरघरत होतं. गुऱ्हाळमालक दादा पुढे आले आणि म्हणाले, "असू दे मॅडम, हुतं असं." मला हायसं वाटलं. संमतिपत्रावर सही त्यांचीच होती, त्यांनीच असू दे म्हटलं, म्हणजे प्रकरण मिटलं.

मामा फावडं पुसत म्हणाले, "मालकाचं काय जातंय? त्यास्नी इचारा की." आणि त्यांनी मान वळवली ती शालवाल्या मावशींकडे.

ऊस त्यांचा होता. गुऱ्हाळ दादांचं, पण आधणाची मजुरी देऊन स्वतःच्या उसाचा गूळ करून घेणारे शेतकरी वेगळे, हे कोल्हापुरात राहून मला ठाऊक असायला हवं होतं. ठाऊक होतंही. फक्त संमतिपत्र तयार करताना आठवलं नाही. त्या दोन पानांत 'लाभार्थी' हा शब्द कितीतरी वेळा होता, मावशींचं नाव एकदाही नव्हतं.

"अठरा म्हैनं पाणी पाजलंय," मावशी म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळेच जास्त लागला. "आता सौद्यात ह्यो गूळ कोण घेतंय?"

मी भरपाई देते म्हणाले. कुठल्या पैशातून, ते माहीत नव्हतं. दादा आत जाऊन पावत्यांचा डबा घेऊन आले. त्यातून एक पिवळं पडलेलं व्हिजिटिंग कार्ड काढून माझ्यासमोर धरलं. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका कॉलेजातले लोक येऊन मोजमाप करून, चहा पिऊन, फोटो काढून गेले होते. "ह्यांचा रिपोर्ट अजून येतोय," दादा म्हणाले. माझं कार्ड त्याच डब्यात होतं, सगळ्यात वर.

मावशींनी तोडगा सांगितला. सौदा होऊ दे, चांगल्या गुळाला काय भाव लागतो आणि ह्याला काय लागतो ते बघू, फरक तेवढा द्यायचा. "आणि म्होरल्या आधणाला तुझ्या त्या इटा न्हाईत पायजेत." त्यांचं आणखी एक आधण बाकी होतं. पोरांनी पोत्याचे बोळे हाताला गुंडाळून, पहारीने एकेक गरम वीट उचकटून बाहेर काढली. दोघांच्या हाताला फोड आले. तेव्हा मात्र चुलव्या, जो सकाळपासून आमच्याशी एक शब्द बोलला नव्हता, उठला आणि पहार स्वतःकडे घेतली.

फरक सोळाशे रुपयांच्या आसपास निघाला. आमच्या प्रकल्पात प्रवासाला, साहित्याला, झेरॉक्सला पैसे आहेत, नुकसानीला नाहीत. हिशेबनीस म्हणाले, "मॅडम, प्रवासखर्चात दाखवून टाका." मी खिशातून दिले. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. रक्कम सोळा हजार असती तर काय केलं असतं, हे मला अजून सांगता येत नाही.

त्या दुपारी जेवताना मामांनी कोळशाने फरशीवर चुलवण काढलं. भिंत काहिलीच्या पोटाखाली नको, मागे धुराड्याच्या तोंडाशी सारा, दोन थर कमी करा, आणि जाळ तोडताना झडप सताड उघडा म्हणजे धग निघून जाईल. वर्गात मी ज्याला थर्मल मास (विटांत साठून राहणारी धग) म्हणते, ते या माणसाने अमावास्येलाच एका वाक्यात विचारलं होतं. पोरांनी चित्राचा फोटो काढला. मामा म्हणाले, "फोटू नको, वहीत काढ. फोटू हरवतोय."

पंधरा दिवसांनी परत गेलो. या वेळी दादांच्या स्वतःच्या उसावर, एकाच आधणापुरतं. चिपाडाची बचत पहिल्या दिवसापेक्षा कमी भरली, पण गूळ पिवळाधमक उतरला. आधी सगळे आकडे, करपलेल्या आधणाचे धरून, वाचून दाखवले. मामांनी त्यांतल्या दोन वजनांवर हरकत घेतली, चिपाड त्या दिवशी दंवाने ओलं होतं म्हणून. हरकत बरोबर होती.

संमतिपत्र आता मराठीत आहे, एकाच पानाचं. पहिला रकाना: ऊस कुणाचा?

यंदा हंगाम सुरू झाल्यावर चौथ्याच दिवशी पहाटे फोन वाजला. दादांचा नंबर, आवाज मामांचा. "मॅडम, झडप अडकल्या. पोरास्नी घिऊन या. आणि येताना त्यो काटा आणा, चुलव्या म्हणतोय कालचं चिपाड मोजायचं ऱ्हायलंय."