३१ मेचा निळा गोल

कॅलेंडरचा सीझन संपून महिना झाला तरी ते एक पान डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहून टाकतो.

मी नाशकात एका ऑफसेट प्रेसला वीसेक वर्षं आहे. लागलो डीटीपीला, आता प्रूफ वाचणं, गिऱ्हाईकाला समजावणं, मशीनवाल्याचं ऐकून घेणं असं सगळंच माझ्याकडे. नवरात्र बसलं की कॅलेंडरची कामं सुरू होतात ते डिसेंबरच्या वीस तारखेपर्यंत जेवायला वेळ नसतो. पतसंस्था, सराफ, दवाखाने, आणि ज्यांना नगरसेवक व्हायचंय ते. लोकांना वाटतं कॅलेंडर म्हणजे वरचा फोटो, गिऱ्हाईकपण फोटोवरच दोन दोन तास घालवतं, चेअरमनचा चेहरा जरा उजळ करा म्हणून. खरा जीव असतो तो तारखेच्या त्या एवढ्याशा घरात. तिथी, नक्षत्र, सण, संकष्टी असेल तर चंद्रोदय, पौर्णिमेचा पांढरा गोल नाहीतर अमावास्येचा काळा. तिथं एक अक्षर चुकलं की वर्षभर भिंतीवर टांगलेलं राहतं.

आता मे २०२६ चं पान बघा. १ तारखेला शुक्रवार, त्यामुळे पहिल्या रकान्यात खाली १ आणि २, वरची घरं मोकळी. आणि ३१ येते रविवारी, तिला उजवीकडे रकानाच उरत नाही. मग आपल्याकडच्या पद्धतीप्रमाणे ती उचलून डावीकडे वर पहिल्या घरात, ३ च्या शेजारी. म्हणजे महिन्याचा शेवटचा दिवस सगळ्यात आधी वाचला जातो. हे घर प्रूफ वाचणाऱ्याला चकवतं हे मी नवीन पोरांना दरवर्षी सांगतो. दरवर्षी.

तर नोव्हेंबरात एका पतसंस्थेच्या मॅनेजरचा फोन आला. ५००० कॉपीचं काम, गुरुजींनी तिथ्या तपासून दिलेल्या, फायनल व्हायच्या बेतात. म्हणे चेअरमनसाहेबांच्या चिरंजीवांनी मोबाईलवर बघितलंय की ३१ मेला ब्लू मून आहे, तर तिथला पौर्णिमेचा गोल निळा करा आणि खाली लिहा, आयुष्यात एकदाच येणारी निळ्या चंद्राची रात्र.

मी म्हटलं, "साहेब, त्या दिवशी चंद्र निळा नसतो."

"ते माहितीये हो आम्हाला. पण कॅलेंडर जरा मॉडर्न वाटलं पाहिजे ना."

गोल निळा करायला माझी ना नव्हती, पण ते आयुष्यात एकदाच मला काही सहन होईना. हा माझा जुना आजार आहे. कॅलेंडर करून करून चंद्राचं थोडंफार वाचन झालंय आणि कोणी चुकीचं बोललं की मला गप्प बसवत नाही. अर्धा तास फोनवर मॅनेजरला पकडून बसलो.

मी सांगितलं ते असं. एका इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या की दुसरीला ब्लू मून म्हणतात. पौर्णिमा ते पौर्णिमा साडेएकोणतीस दिवस, त्यामुळे पहिली १-२ तारखेला पडली की दुसरी महिन्याच्या शेवटाला सापडते, फेब्रुवारीत मात्र कधीच नाही. मे २०२६ मध्ये १ तारखेला बुद्धपौर्णिमा आणि ३१ ला दुसरी. याच्या आधी ऑगस्ट २०२३ ला होता, त्याच्या आधी ऑक्टोबर २०२० ला, पुढचा ३१ डिसेंबर २०२८ ला आणि त्या रात्री खग्रास चंद्रग्रहणपण आहे. २०१८ मध्ये तर एका वर्षात दोनदा झाला, जानेवारीत आणि मार्चमध्ये, मधला फेब्रुवारी पौर्णिमेशिवाय कोरा गेला. यात आयुष्यात एकदा काय आहे? इंग्रजीत क्वचित घडणाऱ्या गोष्टीला या चंद्राचं नाव देतात ते देऊ देत, आपल्याकडे त्याला कपिलाषष्ठीचा योग म्हणतात आणि तो खरोखर दुर्मिळ असतो. हा तर दर अडीच-पावणेतीन वर्षांनी येतो, म्हणजे धोंड्याच्या महिन्याइतकाच.

आणि धोंड्याचं नाव निघाल्यावर मी आणखी चढलो. म्हटलं साहेब, गंमत बघा, चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, सूर्याचं ३६५ चं, मधे ११ दिवस उरतात. तेच साठत साठत जाऊन आपल्याकडे एक महिना जास्तीचा होतो, त्यांच्याकडे एक पौर्णिमा जास्तीची. १९ वर्षांत महिने २२८ आणि पौर्णिमा २३५, म्हणजे ७ जास्त, आपले अधिक महिनेपण १९ वर्षांत ७ च. (फेब्रुवारी कोरा गेला तर त्यांचा एखादा वाढतो.) २०२० ला अधिक आश्विन, २०२३ ला अधिक श्रावण, दोन्ही वर्षी ब्लू मून. गेल्या सिंहस्थाच्या वर्षी, २०१५ ला, अधिक आषाढ होता आणि ३१ जुलैची गुरुपौर्णिमा ब्लू मून होती. दरवेळी वर्ष जुळतंच असं नाही, २०२८ चा ब्लू मून डिसेंबरात आणि अधिक चैत्र पुढच्या २०२९ मध्ये. पण २०२६ ला १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे ३१ मेची पौर्णिमा ब्लू मूनही आहे आणि अधिकाचीही आहे.

हे वाक्य मी स्वतःच्या तोंडाने बोललो. लक्षात ठेवा.

मॅनेजर शेवटी म्हणाला बरं बरं, नुसतं ब्लू मून लिहा. मी खूश. चंद्र वर्षातला सगळ्यात लहान दिसणाराही त्याच पौर्णिमेचा आहे, आणि पौर्णिमा दुपारी सव्वादोनच्या सुमारासच संपते त्यामुळे ३१ च्या रात्री चंद्र उगवेल तेव्हा पंचांगात वद्य प्रतिपदा लागलेली असेल, हे मी त्याला सांगितलं नाही. पुरे झालं होतं त्याला.

मग गोल करायला बसलो. पौर्णिमेचा गोल म्हणजे बारीक रेघ. निळा गडद हवा तर सायनमध्ये, म्हणजे आकाशी शाईत, मॅजेंटा म्हणजे गुलाबी शाई घालावी लागते, आणि दोन प्लेटा केसभर इकडेतिकडे झाल्या की रेघेच्या कडेला जांभळं पिसारल्यासारखं दिसतं. नुसता सायन ठेवला तर आकाशी होतो, फिका. चार प्रिंटा काढल्या, शेवटी आतून भरून सायनच ठेवला. मग त्या घरात ब्लू मून ही अक्षरं बसेनात, तर आमच्या डिझायनर पोराने तिथीची ओळ जरा आवळली. अधिक ज्येष्ठ शु. १५ होतं, त्याचं ज्येष्ठ शु. १५ झालं.

तेवढ्यात मॅनेजरची दुसरी मागणी आली, महिला सभासदांसाठी बायकांचे सण गुलाबी अक्षरात वेगळे टाका. संध्याकाळी सहाला हे आलं. पोराने २०२५ ची सणांची यादी घेतली, तिथीवरून एक्सेलमध्ये २०२६ ला जुळवली, पाच मिनिटात काम. हुशार पोरगं आहे, उगाच नाही म्हणणार. हरतालिका बरोबर. ज्येष्ठ शुद्ध पौर्णिमेला वटपौर्णिमा, तर ती दोन ठिकाणी आली, ३१ मेला आणि २९ जूनला. त्याला वाटलं डबल झालंय. दुसरी काढून टाकली.

प्रूफ मीच वाचलं. पहिल्या घरात ३१, निळा गोल, ब्लू मून, पौर्णिमा समाप्तीची वेळ बरोबर, शाब्बास, पुढे. गुलाबी वटपौर्णिमा दिसली का? दिसली असणार. ज्येष्ठ पौर्णिमा आणि वटपौर्णिमा शेजारी शेजारी बघून डोळ्याला काही टोचलंच नाही. मी सही केली, मॅनेजरने केली, रात्री मशीन चाललं.

तिसऱ्या दिवशी खाली बाइंडिंगला बायका पानं लावून वर पत्र्याची पट्टी बसवत होत्या. साठेक झाली असतील. मी चहाला चाललो होतो तर त्यातल्या एक मावशी, आमच्याकडे बरीच वर्षं आहेत, हातात मे महिना धरून म्हणाल्या, "भाऊ, धोंड्यात कुठं वटपौर्णिमा राहती का?"

मला आधी कळलंच नाही. म्हटलं, "काय झालं मावशी?"

"हे बघा ना. सोळा मेला अमावास्या दिलीय. त्याच्या पुढं धोंडा लागतो. मग ही धोंड्याची पुनव. वड नंतरच्या पुनवेला पूजतात." आणि पान उलटून जूनमध्ये २९ तारखेवर बोट ठेवलं. तिथं नुसता पांढरा गोल.

मी चहा प्यायलो नाही.

अधिक महिन्यात सण-व्रतं पुढच्या निज महिन्यात ढकलतात हे मला माहीत नाही का? आमच्या घरी धोंड्याला जावयाला तीस-तीन अनारसे देतात, तेहतीस महिन्यांनी येतो म्हणून तेहतीस असं आई सांगायची. सगळं माहीत होतं. जास्तीची पौर्णिमा जास्तीची पौर्णिमा म्हणून मीच अर्धा तास फोनवर घोकत होतो, आणि जास्तीच्या पौर्णिमेला सण नसतो एवढं साधं गणित छापलेल्या पानावर लागलं नाही. मावशींना लागलं कारण त्या उपास करतात. मी नुसता हिशोब करतो.

वर शेठना सांगितलं. आमच्या धंद्यातलं सगळ्यात घाणेरडं वाक्य त्यांच्या तोंडून आधी निघालं, गिऱ्हाईकाची सही आहे ना? ही सही म्हणजे आमची ढाल असते, आणि खरं सांगतो, मॅनेजर लोक प्रूफवर फक्त लोगो आणि फोन नंबर बघतात हे आम्हाला सगळ्यांना माहीत असतं. मग शेठ म्हणाले स्टिकर मारू. ५००० कॅलेंडरं, दोन्ही बाजूंना मिळून १०,००० स्टिकर. मावशी दारातच उभ्या होत्या, त्या शांतपणे म्हणाल्या, "मोठ्या बायकांना कळतं हो, पण नव्या पोरी कॅलेंडर बघूनच करतात. आणि चेअरमनसाहेबांच्या घरीपण वड पूजत असतील ना."

तेवढ्यावर काम झालं. मे आणि जून एकाच पानाच्या पुढे-मागे, त्यामुळे ते एकच पान परत छापायचं होतं, हे नशीब. पट्टी बसलेली साठ गेली ती जास्तीच्या छापलेल्यांतून भरून निघाली. कागद प्रेसच्या माथी, आणि रविवारी मशीनवर मी उभा. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा.

पोराला मी ओरडलो नाही. एका यादीत तोच सण दोनदा आला तर एक काढणार, मीपण काढला असता. त्याला नीट समजावलं तर तो म्हणाला, "सर, मग दुसरी खरी आणि पहिली एक्स्ट्रा? पण ब्लू मूनमध्ये तर दुसरीच एक्स्ट्रा म्हणता तुम्ही." मी गप्प. अजूनही यावर चांगलं उत्तर सुचलेलं नाही, कारण ब्लू मूनमध्येही मुळात दुसरी नव्हतीच. अमेरिकेत मेन राज्याच्या एका शेतकऱ्यांच्या पंचांगात एका ऋतूत तीनऐवजी चार पौर्णिमा आल्या तर तिसरीला ब्लू मून म्हणायचे. ऑगस्ट २०२४ च्या राखीपौर्णिमेला होता तो तसलाच. मग १९४६ मध्ये जेम्स ह्यू प्रुएट नावाच्या लेखकाने स्काय अँड टेलिस्कोप मासिकात ते चुकीचं समजून महिन्यातली दुसरी असं लिहिलं, पुढे रेडिओवर गेलं, प्रश्नोत्तरांच्या खेळात गेलं, सगळीकडे तेच झालं. मासिकाने चूक कबूल केली १९९९ ला. ५३ वर्षं! त्या मानाने आमची तीन दिवसांत सापडली, पण आमच्याकडे मावशी होत्या.

आणि वेळेचाही घोळ असतोच. ३१ डिसेंबर २००९ ला जगभर ब्लू मून म्हणून बातम्या होत्या, मी तेव्हा प्रेसच्या गच्चीवर ग्रहण बघायला उभा होतो, चंद्राचा जरासाच कोपरा खाल्लेला. पण आपल्या घड्याळात ती पौर्णिमा रात्री बारा चाळीसनंतर, म्हणजे १ जानेवारीला गेली. आपला ब्लू मून झाला ३० जानेवारी २०१० ला, आणि त्याची बातमी मला तरी कुठे दिसली नाही. तेव्हापासून मी हा विषय मनात धरून आहे. म्हणूनच त्या घरात माझा डोळा फक्त निळ्या गोलावर गेला असावा.

रद्द पानं फेकली नाहीत. जाड आर्ट पेपर, पार्सल बांधायला चांगला. डिसेंबरभर आम्ही व्हिजिटिंग कार्डं, पत्रिका, बिलबुकं त्यातच गुंडाळून दिली. परवा सिडकोतल्या एका गिऱ्हाईकाचा फोन, त्यांच्या मुलीच्या लग्नपत्रिकांचं पार्सल नेलं होतं.

"अहो, यंदा वटपौर्णिमा ३१ मेला आहे का? मुलीची पहिलीच आहे, आत्ता कागदावर बघितलं."

म्हटलं, "नाही हो, २९ जूनला. तो कागद टाकून द्या."

"बरं. आणि हा निळा गोल कसला?"