साधी राहणी, भरगच्च पंगत

पाकपुस्तके कादंबरीसारखी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचण्याची खोड मला जुनीच आहे. अलीकडे मात्र या वाचनात एकाच प्रकारच्या पुस्तकांनी ठाण मांडले आहे. अमेरिका आणि कॅनडातील मेनोनाइट आणि आमिश या ख्रिस्ती पंथांतील स्त्रियांनी आपापल्या मंडळीतून कृती गोळा करून ही पुस्तके छापलेली आहेत. बहुधा स्पायरल बांधणीची, चकचकीत छायाचित्रांवाचून, आणि प्रत्येक कृतीखाली ती देणाऱ्या बाईचे नाव. जुन्या वळणाच्या आमिश घरातील बाईच्या अंगावर दागिना नसतो, लग्नाची अंगठीसुद्धा नसते, कपडा एकरंगी असतो आणि घरात वीजमंडळाची तार आलेली नसते. त्याच घरातल्या कृती उघडाव्यात तर लोणी, साय, साखर, अंडी आणि मांस यांची नुसती रेलचेल आढळते. साधेपणाला धर्म मानणाऱ्या समाजाची पंगत इतकी भरगच्च का, हा प्रश्न या पुस्तकांनी माझ्यापुढे टाकला आणि त्याचे उत्तरही बऱ्याच अंशी त्यांतच सापडले.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. १५२५ साली झुरिकमध्ये काही लोकांनी तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा नाकारून जाणत्या वयात स्वेच्छेने बाप्तिस्मा घेतला. या पंथातील लोक पुढे मेनो सायमन्स या धर्मगुरूच्या नावावरून मेनोनाइट म्हणून ओळखले जाऊ लागले. १६९३ मध्ये याकोब अमान यांच्या अधिक कडक शिस्तीवरून फूट पडली आणि आमिश वेगळे झाले. छळामुळे देशोधडीला लागलेली यांची एक शाखा स्वित्झर्लंड आणि जर्मनीकडून पेन्सिल्व्हेनियात आली. दुसरी दक्षिण रशियात शंभरेक वर्षे शेती करून १८७४ च्या सुमारास कॅन्सस आणि मॅनिटोबात पोहोचली. म्हणून एकाच पंथाच्या पुस्तकांत एकीकडे सुकवलेल्या सफरचंदांचे ‘पाय’ (पिठाच्या पारीत सारण भरून भाजलेला पदार्थ) आणि दुसरीकडे बोर्श्ट हे भाज्यांचे सूप, व्हेरेनिके या सारण भरून उकडलेल्या करंज्या आणि एकावर एक गोळा ठेवून भाजलेले झ्वीबाक हे पाव असे दोन निराळे स्वयंपाक शेजारीशेजारी नांदतात.

भरगच्चपणाचे पहिले कारण अगदी व्यवहारातले आहे. या कृती मुळात चौघांसाठी लिहिलेल्याच नसतात. आमिश घरात सहा-सात मुले असणे नेहमीचे, आणि त्यांना चर्चची वेगळी इमारत नसल्यामुळे दर दुसऱ्या रविवारी उपासना कोणाच्या तरी घरी किंवा कोठारात भरते. बाकांची एक खास गाडी या घरून त्या घरी फिरते. बाक, गीतपुस्तके आणि बहुधा भांडीही त्याच गाडीतून येतात. सुमारे तीन तासांच्या उपासनेनंतर त्याच बाकांची टेबले होतात, आणि पुरुष व स्त्रिया वेगवेगळ्या टेबलांवर पंगतीमागून पंगत जेवतात. जेवणाआधी आणि जेवणानंतर मूकपणे प्रार्थना होते.

या रविवारच्या जेवणाची गंमत अशी की ते जवळजवळ ठरलेले असते. पाव, लोणच्याची काकडी, लाल बीटचे लोणचे, चीज, कॉफी, काही बिस्किटे किंवा पाय, आणि एक वाडगाभर गोड पीनट बटर. हे पीनट बटर दुकानातल्यासारखे नसते. त्यात मार्शमॅलो क्रीम आणि कॉर्न किंवा मेपल सिरप घालून ते इतके सैल करतात की चमच्यावरून तारेसारखे ओघळावे आणि पावावर सुरीने न दाबता पसरावे. जेवणाचा बेत ठरलेला ठेवण्यामागे मोठी समज आहे. ज्या घरी उपासना असेल त्या घरच्या बाईने मागच्या खेपेच्या बाईवर कुरघोडी करण्याचा प्रश्नच उद्भवू नये, गरिबाघरी आणि सधनाघरी सारखेच पान वाढले जावे, हा त्यातला हेतू. गर्व हा या समाजात मोठा दोष मानला जातो, आणि गर्व स्वयंपाकघराच्या दाराने किती सहज आत येतो हे ज्यांनी पंगती उठवल्या आहेत त्यांना सांगावे लागत नाही.

हा आखडता हात लग्नात मात्र मोकळा सुटतो. पेन्सिल्व्हेनियातील लँकेस्टर परगण्यात लग्ने परंपरेने पिके निघाल्यावर, मुख्यतः नोव्हेंबरातल्या मंगळवारी आणि गुरुवारी होतात, आणि पाहुणे तीनशे-चारशे असणे साधारण समजले जाते. कोंबडीचे मांस आणि पावाचे तुकडे लोण्यात एकत्र भाजून केलेला रोस्ट, कुस्करलेले बटाटे, ग्रेव्ही आणि सायीच्या रश्शात शिजवलेली सेलरी (लांब देठांची एक भाजी) हा तिथला बेत. सेलरी शिजवायला लागते, कच्ची खायला लागते आणि उंच भांड्यांत उभी करून टेबलावर फुलांच्या जागी मांडायलाही लागते. त्यामुळे लग्नाची मुलगी असलेल्या घरी त्या वर्षी सेलरीचे वाफे एकाएकी वाढतात आणि लग्न जाहीर होण्याआधीच शेजाऱ्यांना ते कळते.

प्रमाणांविषयीचा माझा आवडता दस्तऐवज मात्र लग्नाचा नाही. व्हर्जिनियातील गृहविज्ञानाच्या शिक्षिका मेरी एमा शोवॉल्टर यांनी १९५० मध्ये मेनोनाइट समाजाच्या कृतींचा जो मोठा संग्रह प्रसिद्ध केला, त्यात एका जुन्या हस्तलिखित वहीतून घेतलेली, कोठार उभारणीच्या दिवशीच्या जेवणाची यादी आहे. एखाद्याचे कोठार जळाले की सारा समाज जमून नवे उभारतो. पुरुष लाकूडकाम करतात आणि स्त्रिया स्वयंपाक. यादीत ११५ लेमन-पाय, ५०० तळलेले डोनट, १५ मोठे केक, १६ कोंबड्या, ३ हॅम, ५० पौंड भाजलेले गोमांस, ३०० छोटे पाव, ३ गॅलन सफरचंदाचा मुरंबेवजा सॉस, तितकेच तांदळाचे पुडिंग, शिवाय लोणची, बीट, बटाटे आणि रताळी आहेत. आणि शेवटी शांतपणे नोंदवले आहे की हे १७५ पुरुषांना पुरेल. हिशेब मांडला तर माणशी अर्ध्याहून अधिक पाय आणि जवळजवळ तीन डोनट होतात. पहाटेपासून तुळया उचलणाऱ्यांना तेवढे लागतही असेल. यादी लिहिणाऱ्या बाईने ना कौतुक केले आहे ना तक्रार. पुढच्या वेळी अंदाज चुकू नये एवढीच तिची काळजी दिसते.

शोवॉल्टर यांनी संग्रह का केला हेही सांगण्यासारखे आहे. आयांच्या हातच्या वह्या बाजूला सारून मुली बाजारातील नवी पाकपुस्तके वापरू लागल्या होत्या, आणि त्या वह्या अडगळीत नाहीशा होत होत्या. त्यांनी निरनिराळ्या वस्त्यांतील बायकांकडून कृती मागवल्या. अशा जुन्या वह्यांत साहित्य असते, पण कृती जवळजवळ नसतेच: अंड्याएवढे लोणी, घट्ट होईल इतके पीठ, आणि मग भाजावे. किती वेळ, किती आचेवर, याचा पत्ता नाही, कारण ज्या मुलीसाठी ते लिहिले ती लहानपणापासून त्याच चुलीपाशी उभी राहिलेली. शोवॉल्टर यांचे खरे काम या अंदाजांना कप आणि चमच्यांत बसवण्याचे होते, आणि माझ्या मते ते संपादनातील सर्वांत कठीण काम आहे.

आता त्या नावांविषयी. स्टोल्ट्झफस, योडर, मिलर अशी मोजकी आडनावे आणि बायबलमधली मोजकी पहिली नावे यांमुळे एका परगण्यात एकाच नावाच्या अनेक बायका असतात. म्हणून कृतीखाली बहुधा नवऱ्याचे नाव आणि कंसात बाईचे नाव छापतात. एकाच पदार्थाच्या चार-चार कृती लागोपाठ येतात, त्यांत फरक असतो तो फक्त अर्ध्या कप साखरेचा. व्यावसायिक संपादकाने तीन कापल्या असत्या. इथे कापत नाहीत, आणि ते योग्यच आहे. कोणाची कृती घ्यायची आणि कोणाची वगळायची हे ठरवणे म्हणजे रविवारी शेजारी बसणाऱ्या बाईला क्रमांक देणे. एरवी ज्या समाजात स्वतःला पुढे करणे गैर आणि धर्मसेवक केवळ पुरुष, तिथे एका बाईचे नाव छापील पानावर येते ते बटाट्याच्या सुपाखाली, आणि तेही कृती देऊन टाकण्याच्या निमित्ताने. मला हा नम्रतेचा आणि अभिमानाचा फार चतुर तह वाटतो.

छापील पुस्तकाआधी आणि नंतरही कृती पत्रांतून फिरतात. बहिणी-बहिणी किंवा मैत्रिणी एक फिरते पत्र चालवतात: जाडजूड पाकीट घरी आले की सगळ्यांची पत्रे वाचायची, आपले जुने पत्र काढून नवे घालायचे आणि पुढच्या पत्त्यावर धाडायचे. ओहायोतील शुगरक्रीक येथून १८९० पासून निघणारे ‘द बजेट’ हे साप्ताहिक असेच चालते. गावोगावच्या लेखनिकांची पत्रे हाच त्याचा मजकूर असतो, आणि कोण आजारी, कोणाकडे बाळ, कोणाकडे उपासना या बातम्यांतूनच कुठे ताट पोहोचवायचे ते कळते.

इथे भरगच्चपणाचे दुसरे कारण येते. जुन्या वळणाचे आमिश सहसा व्यापारी विमा घेत नाहीत. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या आमिशांना १९६५ मध्ये सरकारी सामाजिक सुरक्षा योजनेतूनही सूट मिळाली, कारण अडल्या-नडल्याची जबाबदारी मंडळीची आहे अशी त्यांची श्रद्धा. रुग्णालयाचे मोठे बिल आले की लिलाव आणि भोजने होतात. ‘हेस्टॅक’ नावाचे जेवण यासाठीच प्रसिद्ध आहे: चुरलेली खारी बिस्किटे, त्यावर भात, खिमा, घेवडा, कोशिंबिरीचा पाला, टोमॅटो आणि सगळ्यांवर चीजचा गरम सॉस. रांगेत उभ्या माणसाचे पान मिनिटभरात भरते, पोट भरते आणि शेजाऱ्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च थोडा हलका होतो. अशा समाजात हात राखून वाढणे हा मदतीतच कंजूषपणा ठरेल.

या स्वयंपाकाला ‘शुद्ध, प्राचीन, निसर्गातला’ समजून हात लावणाऱ्यांची मात्र निराशा होते. पुस्तके प्रामाणिक आहेत, त्यामुळे त्यांत डबाबंद मश्रूम सूप, प्रक्रिया केलेले चीज, झटपट पुडिंगची पाकिटे आणि रंगीत जेली भरपूर आहे. बागेतल्या भाज्या, फळे आणि मांस शेकडो बरण्यांत भरून ठेवणारी बाईच सूपाचा डबाही फोडते. बंधन विजेच्या तारेवर आणि मोटारीवर आहे, वाणसामानावर नाही. आणि सात मुलांच्या आईला वेळ वाचवण्याचा हक्क आहेच.

तरीही या पंगतीवर सर्वांत टोकदार आक्षेप बाहेरून आला नाही. मेनोनाइटांची मदतसंस्था, मेनोनाइट सेंट्रल कमिटी, १९२० मध्ये दक्षिण रशियातील उपासमारीसाठी उभी राहिली होती. सत्तरच्या दशकातील जागतिक अन्नटंचाईत तिने आपल्या कुटुंबांना अन्नाचा वापर आणि खर्च १० टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले, आणि त्यातून डोरिस जॅन्झन लाँगेकर यांचे ‘मोअर-विथ-लेस कुकबुक’ १९७६ मध्ये आले. मांसासाठी जनावरांना धान्य चारण्यात किती अन्न वाया जाते, डाळ आणि धान्य एकत्र खाल्ल्याने प्रथिने कशी पुरतात, साखर किती जास्त होते, हे त्यांनी लोणी-सायीवर वाढलेल्या वाचकांना सरळ सांगितले. परदेशी सेवाकार्यातून परतलेल्या कुटुंबांनी तिकडचे डाळभाताचे, घेवड्याचे पदार्थ पाठवले. भारतातील पदार्थही त्यांत आहेत, आणि मेनोनाइट मिशन १८९९ पासून धमतरीत काम करत होते हे पाहता त्याचे नवल नाही. पुस्तकाच्या लाखो प्रती खपल्या. लेखिका मात्र १९७९ मध्ये, चाळिशीही न गाठता वारल्या.

मला मोलाचे वाटते ते हे की आक्षेपाचेही रूप जुनेच राहिले. प्रत्येक कृतीखाली बाईचे नाव आणि गाव. साधेपणाचा अर्थ काय, पाहुण्याला पोटभर वाढणे की जगाच्या वाट्याचे न खाणे, हा वाद या समाजाने व्यासपीठावरून घालण्याइतकाच कृतींच्या देवाणघेवाणीतून घातला.

दोन्ही पक्षांना चालेल असा पदार्थ विचाराल तर मी रिव्हल सूप सांगेन. एक कप मैद्यात चिमूटभर मीठ आणि एक अंडे घालून दोन्ही हातांच्या बोटांनी चोळावे. आधी ते चिकटते, मग कोरडे पडते, आणि एका टप्प्यावर त्याचे वाटाण्याएवढे वेडेवाकडे गोळे आपोआप सुटू लागतात. तिथे थांबावे, मळू नये. कोंबडीच्या उकळत्या रश्शात मक्याचे दाणे घालून हे गोळे हळूहळू भुरभुरावेत आणि दहाएक मिनिटे शिजू द्यावेत. पीठ सुटून रस्सा आपणच दाट होतो, म्हणून साय लागत नाही.

या पुस्तकांतून इतर काही करणार असाल तर प्रमाण निम्म्यावर आणा, गोडाच्या पदार्थांत साखर एक-तृतीयांशाने कमी करून पाहा, आणि जुन्या कृतीत नुसती ‘मध्यम भट्टी’ लिहिलेली दिसली तर ओव्हन १७५ ते १८० अंश सेल्सिअसवर ठेवा.