चहा स्वस्त झाला, तरी बंड का?

आज दिवसभर बोस्टनचा चहा डोक्यात घोळतोय, म्हणजे ‘बोस्टन टी पार्टी’: अमेरिका ब्रिटिशांची वसाहत असताना तिथल्या बोस्टन शहरात लोकांनी जहाजांवरचा चहा समुद्रात ओतला, ते बंड. कर वाढला म्हणून लोक भडकले, असं आपण सर्रास सांगतो. पण ब्रिटिश संसदेच्या 1773 च्या कायद्याने चहा उलट स्वस्त झाला होता! पौंडामागे 3 पेन्सचा जुना कर मात्र तसाच होता. स्वस्त चहा घ्यायचा म्हणजे संसदेचा कर लावण्याचा हक्क मुकाट्याने मान्य करायचा. शिवाय ईस्ट इंडिया कंपनीला थेट विक्रीची मुभा मिळाल्याने स्थानिक व्यापारी बुडणार होते.

खरी कोंडी जहाज बंदरात आल्यापासूनच्या 20 दिवसांच्या मुदतीची. तेवढ्यात कर भरला नाही, तर जकात अधिकारी माल जप्त करणार. तिथला ब्रिटिश गव्हर्नर हचिन्सन जहाजांना परत जाऊ देईना (माल ज्यांच्या नावावर आला, त्यांत त्याचीच मुलं!). मुदत संपायच्या आदल्या रात्री, 16 डिसेंबरला, बोस्टनमधला करविरोधी नेता सॅम्युअल ॲडम्स याच्या गोटातल्या लोकांनी तीन जहाजांवरच्या 342 पेट्या फोडून समुद्रात रिकाम्या केल्या. चहा चिनी होता, आसामचा नव्हे.

लंडनने 1774 मध्ये बोस्टनचं बंदरच बंद केलं आणि एरवी एकमेकांशी न पटणाऱ्या अमेरिकेतल्या वसाहती एकत्र आल्या. पुढे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, 1781 मध्ये यॉर्कटाउनला वॉशिंग्टनपुढे ज्याच्या सैन्याने शरणागती पत्करली, तो ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस 1786 मध्ये आपल्याकडे गव्हर्नर जनरल म्हणून आला. टिपूविरुद्ध मराठे त्याच्याच बाजूने लढले.