अतोचा स्टेशनवरची कॉफी

"प्वेदो तेनेर उन काफे?"

आज संध्याकाळी माद्रिदच्या अतोचा स्टेशनवर मी अशी कॉफी मागितली. म्हणजे स्पॅनिशच्या ऑनलाइन तासाला, कोथरूडमध्ये, जेवणाच्या टेबलावर, लॅपटॉपसमोर. सेव्हियाची गाडी सुटायला दहा मिनिटं. (ही हायस्पीड गाडी १९९२ पासून धावते, अडीच तासांत पोचवते. आमच्या प्रवासाची तयारी पक्की असते.) वेटर म्हणजे आमच्या मॅडम. मागे कुकरच्या शिट्ट्या.

वेटर एकदम मराठीत बोलायला लागला. "अहो, टपरीवर तुम्ही 'मला एक चहा मिळू शकतो का' असं विचारता?"

छे. "एक चहा द्या" म्हणते.

"मग तेच म्हणा ना. पोंगामे उन काफे. शेवटी पोर फावोर, म्हणजे प्लीज, लावा, झालं. त्यात उद्धट काही नाही."

तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. पुण्याहून माद्रिदला जाताना मी प्रत्येक वेळी उगाच लंडनला उतरत होते!

'मे गुस्ता' तर तीन आठवडे इंग्रजीतून फोड करून घोकलं. आणि ते सरळ 'मला आवडतं' निघालं. आवडणाऱ्या गोष्टीप्रमाणे क्रियापद बदलतं, तेही आपल्यासारखंच. कॉफी आवडते, आंबे आवडतात. गुस्ता, गुस्तान. तू आणि तुम्ही वेगळे, तेही घरचंच.

या सगळ्यात सेव्हियाची गाडी गेली. उद्या पुन्हा अतोचा.

तुम्हीही नवी भाषा शिकताना आधी इंग्रजीला विचारून येता का?