पाटणचे ज्ञानमंदिर: पोथी वाचायला जाणाऱ्यांसाठी

उत्तर गुजरातमधील पाटण येथील श्रीहेमचंद्राचार्य जैन ज्ञानमंदिर आणि गांधीनगरजवळच्या कोबा येथील श्रीकैलाससागरसूरि ज्ञानमंदिर ही दोन ग्रंथालये पाहण्यासाठी यंदाच्या हिवाळ्यात गेलो होतो. राणीची वाव पाहायला आणि पटोळे घ्यायला पुष्कळ मराठी मंडळी पाटणला जातात, पण पंचासरा पार्श्वनाथाच्या मंदिराला लागून असलेल्या या ज्ञानमंदिराकडे क्वचितच कोणी वळते. अहमदाबादहून पाटण सुमारे सव्वाशे किलोमीटर आहे. एसटी मिळते आणि मेहसाण्यावरून रेल्वेनेही जाता येते.

पाटणच्या पोथ्या पूर्वी निरनिराळ्या पाड्यांतील, म्हणजे मोहल्ल्यांतील, जैन संघांच्या भांडारांत विखुरलेल्या होत्या. मुनी पुण्यविजयजी आणि त्यांच्या गुरुजनांच्या खटपटीने त्यांतील बरीच भांडारे एका इमारतीत आली आणि १९३९ मध्ये ज्ञानमंदिर सुरू झाले. सूचीत मात्र मूळ भांडारांची नावे राखलेली आहेत. म्हणून आपल्याला हवी असलेली पोथी कोणत्या भांडारातली, हे आधी पाहून जावे. या पोथ्यांशी आपलेही नाते आहे. पाटण तेव्हा बडोदे संस्थानात होते आणि सयाजीराव गायकवाडांच्या राजवटीत संस्कृतचे अभ्यासक चिमणलाल दलाल यांनी ही भांडारे तपासली. राजशेखराची ‘काव्यमीमांसा’ (काव्यशास्त्रावरचा संस्कृत ग्रंथ) १९१६ मध्ये गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचा पहिला ग्रंथ म्हणून छापली गेली, ती याच शोधकार्यातून. १९१८ मध्ये दलाल वारले, तेव्हा ‘भविसयत्तकहा’ या अपभ्रंश भाषेतील, म्हणजे प्राकृतानंतरच्या जुन्या भाषेतील, काव्याच्या संपादनाचे अपुरे काम पुण्याच्या पां. दा. गुणे यांनी पुढे नेले.

येथील व्यवस्था आपल्या सार्वजनिक वाचनालयासारखी नाही. भांडार संघाचे असते, कारभार विश्वस्त पाहतात आणि पोथी हे पूजनीय ज्ञान मानले जाते. तिला पाय लागणे, थुंकी उडणे, ती जमिनीवर ठेवणे ही ‘आशातना’, म्हणजे ज्ञानाची अवहेलना. पोथी कापडात बांधून डाभड्यात, म्हणजे पेटीत, ठेवतात आणि डाभड्याचा व पोथीचा क्रमांक सांगितल्यावर ती काढली जाते. कसरीपासून जपण्यासाठी वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवण्याची रीत जुनी आहे. पावसाळ्यानंतर कार्तिक शुद्ध पंचमीला, ज्ञानपंचमीला, पोथ्यांची पूजा होते आणि त्या निमित्ताने झाडपूस होऊन त्यांना हवाही लागते. ताडपत्रे इतकी शतके टिकली, ती मुख्यतः या धार्मिक शिस्तीमुळेच, असे माझे स्पष्ट मत आहे. बाहेरच्या अभ्यासकाला जाचक वाटणारी बंधने त्याच शिस्तीचा भाग आहेत आणि ती मनापासून पाळावीत.

मला दाखवलेल्या ताडपत्राची लांबी हातभर आणि रुंदी जेमतेम तीन बोटे होती. मजकूर उभ्या रकान्यांत विभागलेला, रकान्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत दोरा ओवण्याचे छिद्र, आणि पानाचा क्रमांक दोनदा घातलेला: उजव्या समासात साध्या अंकांत, डाव्या समासात अक्षरांकांत, म्हणजे अंकांऐवजी ठरावीक अक्षरे वापरून. एकारान्त अक्षराची मात्रा वर न देता अक्षरापूर्वी उभी रेघ काढून दाखवण्याची पडिमात्रा पद्धत ठाऊक नसेल, तर पहिल्या ओळीतच अडायला होते. तिचा सराव छापील नमुन्यांवरून घरीच करून जावा.

जाण्यापूर्वी विश्वस्तांना पत्र लिहावे. त्यात विषय, पोथीचे नाव, क्रमांक आणि कोणती पाने हवीत ते नेमके लिहून सोबत संस्थेचे किंवा मार्गदर्शकाचे शिफारसपत्र जोडावे. एखाद्या साधुमहाराजांची ओळख असेल, तर काम बरेच सोपे होते. पर्युषणात, म्हणजे जैनांच्या वार्षिक उपवास-आराधनेच्या पर्वात, आणि मोठ्या तिथींना जाणे टाळावे. चामड्याचा पट्टा व पाकीट बाहेर ठेवावे, हात धुऊन बसावे आणि परवानगीशिवाय छायाचित्र काढू नये. नोंदींसाठी शाईचे पेन नको, पेन्सिल न्यावी. मूळ पोथीऐवजी छायाप्रत पुढे आली, तर हट्ट धरू नये. पाठभेद टिपायला ती पुरते.

कोब्याचे ज्ञानमंदिर नव्या काळातले आहे. हस्तलिखितांची संख्या दोन लाखांच्या आसपास असून सूची संगणकावर आहे, आणि विहारात, म्हणजे गावोगावच्या पायी प्रवासात, असलेल्या साधुसाध्वींना लागतील त्या प्रती पोहोचवणे हे तेथील नित्याचे काम आहे. ते अहमदाबाद-गांधीनगर रस्त्यावरच असल्याने आधी कोब्याला थांबावे, पोथीची प्रत तेथे आहे का ते पाहावे आणि नसेल तरच पाटण गाठावे.