अळी खरी होती

आमच्या तालुका कोर्टात बदनामीची प्रकरणं पूर्वी भाऊबंदकीतून यायची, हल्ली फोनमधून येतात. पक्षकार रंगीत प्रिंट टेबलावर आपटतो, "मॅडम, हा घ्या पुरावा!" त्यात ना लिंक, ना तारीख, लिहिणाऱ्याचं नावही अर्धं कापलेलं. अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्याला नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र दोन भागांत लागतं, त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलची ओळख पटवणारा सांकेतिक आकडा, लागते, दुसऱ्या भागावर तज्ज्ञाची सही लागते, हे सांगितलं की त्यांना वाटतं बाई फी वाढवतेय. तालुक्याला तज्ज्ञ कुठून आणायचा, ते कायदा लिहिणाऱ्यांनाच ठाऊक.

खानावळवाल्या मावशी अशीच एक प्रिंट घेऊन आल्या. कॉलेजच्या एका पोराने गावाच्या फेसबुक ग्रुपवर फोटोसकट लिहिलं होतं, 'आज फ्लॉवरच्या भाजीत अळी निघाली.' खाली दुसरी ओळ, 'ही बाई पैशासाठी पोरांना विष घालते.' त्याखाली लोकांनी मावशींच्या मुलीचा फोटो टाकून नको ते लिहिलेलं.

मी आधी विचारलं, "अळी होती?"

मावशी घुटमळल्या. "मिठाच्या पाण्यात ठेवते हो मी फ्लॉवर. पण सत्तर डबे..."

म्हणजे होती. न्याय संहितेच्या कलम ३५६ ला, म्हणजे बदनामीच्या कलमाला, दहा अपवाद आहेत. पहिलाच असा, की गोष्ट खरी हवी आणि ती सांगणं लोकहिताचंही हवं. नुसतं खरं असून भागत नाही. अळी त्यात सरळ बसते, विष बसत नाही. नोटीस दुसऱ्या ओळीपुरतीच द्यायला हवी होती. पण कॉम्प्युटरवर मसुदा तयार असतो, 'सदर मजकूर तात्काळ काढून टाकून बिनशर्त लेखी माफी मागावी.' ज्युनिअरने विचारलं, "सगळाच मजकूर?" मी म्हटलं, "नोटीस आहे ती, निकाल नाही."

२०१२ साली पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या मजकुरापायी अटक झाली, तेव्हा वकिलांच्या बाररूममध्ये तावातावाने बोलणारी मीच. २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ते कलम ६६-अ, ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला गुन्हा ठरवणारं, रद्द केलं, तेव्हा पेढेही वाटले होते.

चौथ्या दिवशी पोराचे वडील आले. टोपी हातात. "पोराचं शिक्षण थांबंल का, मॅडम?" गुन्हा अदखलपात्र आहे, पोलीस आपणहून उचलणार नाहीत, दंडाधिकाऱ्यांना दखल घेण्याआधी पोराचं म्हणणं ऐकावंच लागतं. यातलं मी काहीच सांगितलं नाही. ते माझे पक्षकार नव्हते, हे खरंच. "पोस्ट काढायला सांगा, मग बघू," एवढंच म्हटलं.

संध्याकाळी पोस्ट गेली. दोन्ही ओळी गेल्या. मुलीचा फोटो टाकणारे 'वाघ' आणि 'राजे' मात्र मोकळे राहिले. टोपणनावाला नोटीस कुठल्या पत्त्यावर धाडणार? पोराने स्वतःच्या नावाने लिहिलं होतं, म्हणून तो सापडला.

मावशींनी फी दिली, वर डबाही आणला. त्या गेल्यावर मी तो उघडला आणि भाजी चमच्याने उलटीपालटी करून पाहिली.